‘ड्यून’चा तिसरा भाग येण्यापूर्वी : वाचनकट्ट्यासाठी तयारीची पद्धत

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. तेथील पुस्तकांच्या गाळ्यांवर ओळख झालेल्या आम्हा सहा-सात जणांनी जळगावात विज्ञानकथांचा वाचनकट्टा सुरू केला आणि लगेच १ मार्चला ‘ड्यून’ या विज्ञानकादंबरीवरच्या चित्रपटाचा दुसरा भाग प्रदर्शित झाला. तयारीला वेळ मिळाला नाही. चित्रपट सुटल्यावर पार्किंगमध्ये तासभर उभे राहून आम्ही जे बोललो, ते सगळे धुळ्याहून आलेल्या मित्राच्या एका अहिराणी वाक्यात मावण्यासारखे होते : “पुस्तकम्हा आसं नही शे!” वाक्य खरे होते, पण चर्चा त्याच्या पुढे सरकत नव्हती. बदल झाला हे प्रत्येकाला दिसत होते. तो कोठून सुरू झाला आणि त्यामुळे आणखी काय काय बदलावे लागले, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हते. आता तिसऱ्या भागासाठी १८ डिसेंबर २०२६ ही तारीख जाहीर झालेली आहे, म्हणून या वेळी आम्ही आखलेली पद्धत येथे मांडतो. ती दुसऱ्या कोणत्याही कादंबरीला लावता येईल. उदाहरणे मात्र याच कादंबरीची घेतली आहेत.

सर्वप्रथम कोणता चित्रपट कोणत्या पुस्तकावर आधारलेला आहे, हे नीट समजून घ्यावे, कारण अर्धे गैरसमज येथेच होतात. फ्रँक हर्बर्ट यांची मूळ कादंबरी १९६५ साली पुस्तकरूपाने आली. डेनिस व्हिलनव्ह यांचे २०२१ आणि २०२४ चे दोन्ही चित्रपट मिळून ही एकच कादंबरी सांगतात. तिसरा भाग १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ड्यून मसाया’ या दुसऱ्या कादंबरीवर बेतलेला आहे आणि ती पहिलीच्या मानाने बरीच लहान आहे. हीच पहिली कादंबरी डेव्हिड लिंच यांनी १९८४ मध्ये १३७ मिनिटांत बसवली होती, तर व्हिलनव्ह यांचे दोन भाग १५५ आणि १६६, म्हणजे एकूण ३२१ मिनिटांचे आहेत. एकच मजकूर सव्वादोन तासांत आणि सव्वापाच तासांत सांगितला गेल्याचे असे उदाहरण क्वचितच हाती लागते. त्यामुळे ज्यांना शक्य असेल त्यांनी जुना चित्रपटही पाहावा, मग तो आवडो वा न आवडो.

वाचनाची गती स्वतःच ठरवावी, पण पहिले पुस्तक किमान दोन महिने पुरवावे. मराठी विज्ञानकथेचा आपला वाचक बहुधा जयंत नारळीकर आणि बाळ फोंडके यांच्या कथांवर वाढलेला असतो, आणि त्या कथांमध्ये एक वैज्ञानिक कल्पना सरळ पुढे जाऊन शेवटी उलगडते. येथे तसे होत नाही. पहिली शंभर पाने राजघराण्यांची नावे, पंथ आणि परिभाषा यांतच जातात, आणि आमच्यापैकी दोघांनी याच टप्प्यावर पुस्तक बाजूला ठेवले होते. शेवटी दिलेला शब्दकोश आधी पाठ करण्याचा प्रयत्न करू नये, त्याने गोडीच जाते. त्या पानावर नुसती खूण घालून ठेवावी आणि अडले तरच उलटावे. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर राजकन्या इरुलानच्या लेखनातील जे उतारे आहेत, ते मात्र गाळू नयेत. पुढे काय घडणार हे त्यांतून बरेचदा आधीच कळते, आणि तरीही उत्सुकता टिकते. हे कसे साधले आहे, ते पाहण्यासारखे आहे.

वाचताना एक जाड वही जवळ ठेवावी. डाव्या पानावर पुस्तकातील प्रसंग थोडक्यात लिहावा आणि उजव्या पानावर तो पडद्यावर कसा दाखवता येईल, याचा आपला अंदाज लिहावा. प्रत्येक प्रसंगासाठी हे करण्याची गरज नाही. जेथे पुस्तकातील मजकूर मुख्यतः पात्राच्या मनात घडतो, तेवढेच प्रसंग निवडावेत. उदाहरणार्थ, सुरुवातीची परीक्षा घ्या. एका पंथाची धर्ममाता कथेचा तरुण नायक पॉल याला एका पेटीत हात घालायला लावते आणि मानेशी विषारी सुई धरते. पेटीत केवळ वेदना आहे, हात काढला तर मरण. पुस्तकात पॉल भीतीवरचा मंत्र मनातल्या मनात म्हणतो आणि त्याची आई जेसिका दाराबाहेर पहाऱ्याला उभी असते. लिंच यांनी तो मंत्र पॉलच्याच आवाजात पार्श्वभूमीवर ऐकवला आणि जळत जाणारा हात प्रत्यक्ष दाखवला. व्हिलनव्ह यांनी मंत्र दाराबाहेरच्या जेसिकाच्या तोंडी दिला, त्यामुळे प्रेक्षक एकाच वेळी मुलाची वेदना आणि आईची भीती पाहतो. आमच्या कट्ट्यावर या एका प्रसंगावर संपूर्ण रविवारची दुपार गेली. शेवटी बहुतेकांचा कौल दुसऱ्या रीतीकडे झुकला, तरी पॉलचे स्वतःवरचे नियंत्रण त्यात थोडे झाकले जाते हा एकाचा आक्षेप आम्ही वहीत तसाच नोंदवून ठेवला आहे.

खानदेशातल्या वाचकाने आणखी एक गोष्ट करावी, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पुस्तकातील पाण्याचा हिशेब आपल्या पाण्याच्या हिशेबाशेजारी ठेवून वाचावा. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात, फ्लोरेन्स गावाजवळ, सरकणाऱ्या वाळूच्या टेकड्या गवत लावून थोपवण्याचे काम चालू होते. त्यावर लेख लिहिण्यासाठी हर्बर्ट तेथे गेले आणि त्या अभ्यासातून ही कादंबरी वाढत गेली. कोरड्या भूमीवर काम करणाऱ्या पर्यावरणशास्त्रज्ञांनाच ती अर्पण केलेली आहे. कथा जेथे घडते त्या वाळवंटी अर्राकिस ग्रहावरच्या वाड्याबाहेर खजुराची वीस झाडे आहेत आणि एकेक झाड पाच माणसांचे पाणी पिते, म्हणजे एकूण शंभर माणसांचे, हा हिशेब पुस्तकात येतो तेव्हा आमच्यातील रावेरकडच्या केळी-बागायतदाराने तो परिच्छेद दोनदा वाचायला लावला. नळीचा एक ड्रीपर बुजला तर मे महिन्यात झाडाचे काय होते, हे त्याला सांगावे लागत नाही.

पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली फड पद्धतही या संदर्भात जरूर आठवावी. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि पाटकऱ्याने क्रमाने पाणी द्यायचे, अशी ती व्यवस्था आहे. पाणी कोणा एकाचे नसते, म्हणून त्याचे नियम सर्वांनी पाळायचे. त्या वाळवंटात राहणाऱ्या फ्रेमेन लोकांमध्ये मेलेल्या माणसाच्या शरीरातील पाणीही टोळीचे मानले जाते. हे वाचून शहारा येतो, पण त्यामागचा विचार आपल्याला परका वाटत नाही. पुस्तकातील मेजवानीचा प्रसंग याच दृष्टीने वाचावा. पाहुण्यांनी हात बुडवून पाणी जमिनीवर सांडायचे, टॉवेल त्या थारोळ्यात टाकायचे आणि नंतर भिकाऱ्यांनी ते पिळलेले पाणी मिळवण्यासाठी दाराशी जमायचे, अशी तेथली रीत असते. पॉलचे वडील ड्यूक लेटो ती मोडतात आणि जेवण चालू असेपर्यंत दाराशी येणाऱ्या प्रत्येकाला ओगराळेभर पाणी देण्याचा हुकूम काढतात. व्हिलनव्ह यांच्या चित्रपटात ही मेजवानी नाही, खजुराची झाडे आहेत. दोन्हींपैकी एकच ठेवायचे असते तर आपण काय ठेवले असते, हा प्रश्न चित्रपट पाहण्यापूर्वी स्वतःला विचारावा. मी मेजवानीच ठेवली असती. पण ती अनेक पात्रांची, लांबलचक आणि जवळजवळ पूर्णपणे संभाषणाची आहे, हेही मला मान्य करावे लागते.

झलकांच्या बाबतीत फार वेळ घालवू नये. झलक विक्रीसाठी तयार केलेली असते आणि तिच्यावरून चित्रपटाचा क्रम किंवा सूर ठरवणे धोक्याचे असते. पहिल्या भागाच्या झलकेत पिंक फ्लॉइड या रॉक बँडचे गाणे नव्या रूपात वाजत होते, चित्रपटात ते नाही. तारखेवरही डोळे मिटून विसंबू नये. पहिला भाग डिसेंबर २०२० ऐवजी महासाथीमुळे ऑक्टोबर २०२१ मध्ये आला, आणि दुसरा हॉलिवूडमधील कलाकारांच्या संपामुळे नोव्हेंबर २०२३ वरून मार्च २०२४ वर गेला. आयमॅक्सच्या पडद्यासाठी जे मुंबई गाठणार आहेत त्यांनी रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते आणि चित्रपटाची तिकिटे जेमतेम काही दिवस आधी मिळतात, हे लक्षात ठेवून रद्द करता येईल असेच तिकीट काढावे.

गावातच पाहणार असाल तर भाषा आधी तपासा. इंग्रजी खेळ बहुतेक वेळा थोडेच असतात आणि गैरसोयीच्या वेळी असतात. हिंदी रूपांतर अधिक ठिकाणी लागते. गेल्या वेळी आम्ही निवडलेला इंग्रजीचा रात्रीचा खेळ पुरेसे प्रेक्षक नाहीत म्हणून एका चित्रपटगृहाने आयत्या वेळी रद्द केला, त्यामुळे आता आम्ही दहा जणांची तिकिटे एकत्र काढतो आणि व्यवस्थापकाला आधी भेटून येतो. शक्य असल्यास इंग्रजीच निवडावे, कारण फ्रेमेन लोकांची भाषा या चित्रपटांसाठी डेव्हिड पीटरसन या भाषाकाराने व्याकरणासह घडवली आहे आणि कोण कोणाशी केव्हा ती भाषा बोलतो याला अर्थ आहे. घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि कचेरीत तिसरेच काही बोलणाऱ्या माणसाला तो अर्थ चटकन पोहोचतो.

चित्रपटगृहात पुस्तक न वाचलेले नातेवाईक बरोबर असतील तर मध्यंतरात पुस्तकाविषयी अवाक्षर काढू नये. १९६९ पासून छापील असलेल्या गोष्टीत कसले रहस्य, असा युक्तिवाद आमच्याकडेही झाला होता. पण चित्रपटातूनच या कथेत आलेल्या माणसासाठी ती आजचीच असते. त्याच कारणाने ‘मसाया’चा शेवट मी येथे सांगत नाही.

पाहून झाल्यावर बोलण्यापूर्वी लिहावे. एका पानावर तीन रकाने पाडावेत : काय गाळले, काय घातले, काय हलवले. मग त्यांतील एकेक नोंद घेऊन ती दुसऱ्या कोणत्या नोंदीमुळे अपरिहार्य झाली, हे बाणांनी दाखवावे. हे ऐकायला शालेय वाटते, पण दुसऱ्या भागावर हीच रीत आम्ही उशिराने वापरली तेव्हा पार्किंगमधला राग बराचसा विरला. पुस्तकात मधे दोन वर्षांहून अधिक काळ जातो, पॉलची बहीण आलिया जन्मते आणि ती लहानगीच त्यांच्या घराण्याचा शत्रू बॅरन याला मारते. चित्रपटात सगळे काही महिन्यांत घडते, त्यामुळे शेवटपर्यंत आलिया आईच्या पोटातच राहते आणि बॅरनला पॉल मारतो. म्हणजे तक्रार करायचीच असेल तर ती बॅरनच्या मृत्यूबद्दल न करता काळ आवळण्याच्या निर्णयाबद्दल करायला हवी.

पॉलची फ्रेमेन प्रेयसी चानी, हिचे प्रकरण वेगळे आहे. पुस्तकाच्या अखेरीस ती पॉलच्या बाजूलाच उभी असते आणि जेसिका तिची समजूत घालते. चित्रपटात ती त्याच्या प्रेषितपणावर संशय घेत राहते आणि अखेरीस निघून जाते. हा बदल वेळेच्या टंचाईतून आलेला नाही, तो अर्थासाठी केलेला आहे. करिष्मा असलेल्या नेत्याच्या मागे डोळे मिटून जाण्यातला धोका दाखवणे हा हर्बर्ट यांचा हेतू होता, पण पहिले पुस्तक वाचून अनेकांनी पॉलला निखळ नायकच मानले. ‘मसाया’मध्ये तो धोका उघड झाला तेव्हा ‘अ‍ॅनालॉग’ मासिकाचे संपादक जॉन कॅम्पबेल, ज्यांनी पहिली कादंबरी क्रमशः छापली होती, त्यांनीच दुसरी नाकारली. चित्रपटाने ती सावधगिरीची सूचना चानीच्या डोळ्यांतून एक पुस्तक आधीच दिली. आम्हा काहींना हे पटते. धुळ्याच्या मित्राला अजूनही पटत नाही, मात्र आता तो कारण देऊन पटत नाही असे म्हणतो.

जळगावात असा चित्रपट आठवडाभरच टिकला तरी पुष्कळ, तेव्हा दुसऱ्यांदा पाहायचा असेल तर पहिल्या चार दिवसांतच पाहावा. पहिल्या वेळी चित्रपट म्हणून आणि दुसऱ्या वेळी वही मांडीवर घेऊन, असा क्रम ठेवावा. उलट केल्यास पहिला अनुभव कायमचा हातचा जातो.

राहिले अंदाज. डिसेंबरपूर्वी प्रत्येकाने एक तरी नेमका, तपासता येईल असा अंदाज लिहून ठेवावा. ‘चांगला असेल’ हा अंदाज नव्हे. आम्ही निवडलेला प्रश्न असा : ‘मसाया’ पहिल्या कादंबरीनंतर बारा वर्षांनी घडते आणि तिच्यात आलिया पंधरा वर्षांची आहे, पण चित्रपटात ती दुसऱ्या भागाच्या शेवटी जन्मलेलीच नाही आणि पॉलला दिसलेल्या भविष्यात मात्र ती पूर्ण वाढलेली स्त्री आहे. मग मध्ये किती वर्षे गेलेली दाखवतील? केळीच्या वेफर्सचा रिकामा डबा आम्ही त्यासाठी ठेवला आहे, त्यात सगळ्यांच्या चिठ्ठ्या पडल्या आहेत आणि झाकणावर चिकटपट्टी लावली आहे. माझ्या चिठ्ठीवर १७ लिहिले आहे.