दोन वर्षांचा ट्रेड आणि जर्मनीची वाट: सोलापूरच्या आयटीआयवाल्यांसाठी

शिक्षणाचं आंतरराष्ट्रीय काहीतरी म्हटलं की आमच्या जिल्ह्यात आधी परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींचं नाव निघतं. 2020 चं ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळालं, त्याचा अभिमान सगळ्यांनाच आहे. मी मात्र आयटीआयत फिटर ट्रेड शिकवतो आणि माझ्यासमोर येणारा प्रश्न असा असतो: "काय ओ सर, जर्मनीशी करार झालाय म्हणे. आमचं काय?"

करार झालेत, आणि एकाहून जास्त. डिसेंबर 2022 मध्ये भारत आणि जर्मनी यांच्यात स्थलांतराविषयीचा करार झाला. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्राने बाडेन-वुर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी सामंजस्य करार केला, त्यात दहा हजार कुशल तरुणांचा आकडा होता. पेपरात तो आकडा वाचून पोरांना वाटतं, यादीत नाव लागलं की विमानात बसायचं. करार दोन सरकारं करतात. तुमच्या प्रमाणपत्राची किंमत मात्र तिथलं चेंबर, म्हणजे त्या त्या व्यवसायाची अधिकृत संस्था ठरवते, तेही एकेका माणसाची फाइल उघडून. कारखान्यातल्या ट्रेडसाठी हे काम न्यूरेंबर्गचं आयएचके फोसा करतं, प्लंबिंगसारख्या कारागिरीच्या कामांसाठी त्या त्या भागातलं हांडवेर्क्सकामर, म्हणजे कारागिरांचं चेंबर.

फाइलमध्ये ते तुलना करतात. त्यांच्याकडे फिटरच्या जवळचा ट्रेड साडेतीन वर्षांचा: आठवड्याचे तीन-चार दिवस कंपनीत, उरलेले शाळेत. आपल्या आयटीआयमधली ड्युअल सिस्टिम त्यावरूनच घेतलेली आहे, पण आपला ट्रेड दोन वर्षांचाच. त्यामुळे बहुतेकांना पहिल्या फेरीत अर्धवट मान्यता मिळते. ते पत्र बघून रडत बसायचं कारण नाही. 1 मार्च 2024 पासून जर्मनीने एक वाट काढली आहे: हातात नोकरीचा करार, किमान दोन वर्षांचं सरकारमान्य प्रशिक्षण आणि ए2 पातळीचं (सुरुवातीची दुसरी पायरी, त्यावर बी1) जर्मन असेल, तर आधी कामाला जायचं आणि उरलेली मान्यता तिथे राहून पुरी करायची. मालकालाही त्यासाठी लेखी बांधून घ्यावं लागतं. माझ्या मते आयटीआयवाल्यांसाठी सध्या हीच सर्वांत कामाची तरतूद आहे आणि तिच्याबद्दलच सगळ्यात कमी बोललं जातं.

त्यातली 'किमान दोन वर्षं' नीट वाचा. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन बसतात. वेल्डर एक वर्षाचा, तो या वाटेने जात नाही. वेल्डरने जपानकडे बघावं. त्यांच्याशी 2021 मध्ये झालेल्या करारानुसार कौशल्याची परीक्षा आणि एन4 (सुरुवातीच्या) पातळीचं जपानी एवढ्यावर दार उघडतं, ट्रेड किती वर्षांचा ते तिथे आड येत नाही.

एनएसक्यूएफ, म्हणजे कौशल्यांची पातळी ठरवणारी आपली राष्ट्रीय चौकट, तिच्या लेव्हलवर विसंबू नका. 2013 मध्ये ती चौकट आली तेव्हा दहा पायऱ्या होत्या, 2023 मध्ये आठ झाल्या. युरोपची 2008 ची चौकटही आठचीच. म्हणून काही क्लासवाले सांगतात, "लेव्हल जुळली, काम झालं." चेंबर लेव्हल बघून शिक्का मारत नाही. ते अभ्यासक्रम बघतं, किती तास काय शिकलात ते बघतं. तेव्हा डीजीटीच्या (आयटीआयचा कारभार बघणाऱ्या केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाच्या) भारतस्किल्स साइटवरून तुमच्याच बॅचच्या वर्षाचा अभ्यासक्रम उतरवून घ्या. मधे तो बदललेला असतो, आणि नव्या वर्षाचा जोडला तर मार्कशीटशी मेळ बसत नाही.

अनुभवाचं पत्र ही त्याहून मोठी गोष्ट, कारण प्रशिक्षणात कमी पडलेलं कामाच्या अनुभवाने भरून काढता येतं. आपल्याकडे पत्र कसं मिळतं? अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यात मेंटेनन्सला असलेल्या माझ्या विद्यार्थ्याने आणलेल्या पत्रात दोन ओळी होत्या: 'सदर कामगार प्रामाणिक व मेहनती आहे. पुढील वाटचालीस शुभेच्छा.' लग्नाला चालेल, जर्मनीला नाही. मी त्याला समोर बसवलं आणि म्हटलं, "बाळा, काल कारखान्यात काय केलंस ते सांग." तो सांगत गेला: रेपियर लूमचं बेअरिंग बदललं, गिअरबॉक्सचं सील गळत होतं ते बसवलं, शाफ्टची अलाइनमेंट डायल गेजने तपासली. तेच एकेका ओळीत लिहिलं, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत ते टाकलं आणि मालकाने लेटरहेडवर सही-शिक्का दिला. मालकांचा नकार नसतो. काय लिहायचं ते त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

नावाचं स्पेलिंगही आत्ताच बघा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या पोरांची आडनावं तेलुगू, येमुल कुठे वायने सुरू होतं तर कुठे ईने. दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. पासपोर्ट काढण्याआधी सगळीकडे एकच करून घ्या. नंतर दुरुस्तीला महिने जातात.

भाषेला पर्याय नाही. अर्धवट मान्यतेवर जायला ए2 पुरतं, पण तिकडे आउसबिल्डुंग, म्हणजे पगारासह शिकाऊ म्हणून पहिल्यापासून ट्रेड शिकायचा असेल तर साधारण बी1 मागतात. जर्मन भाषेची गोएथे संस्थेची परीक्षा द्यायला तिच्या पुण्याच्या केंद्रात, मॅक्स म्युलर भवनला जावं लागतं, सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस सोयीची. बी1 चे वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग सुटे देता येतात, प्रत्येकाला 60 टक्के लागतात. आपल्या पोरांची गाडी बहुधा श्रवणात अडते, वाचनात नाही. घरी तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात कन्नड बोलत वाढलेल्या पोराला आणखी एका भाषेची धास्ती नसावी, आणि खरंच नसते, घाई नडते. सहा महिन्यांत बी1 करून देतो म्हणणाऱ्या क्लासला पैसे भरण्याआधी, मागच्या बॅचमधली किती पोरं चारही भाग पास झाली ते विचारा.

एजंट लागेलच असं नाही. घ्यायचाच तर त्याचं नाव परराष्ट्र खात्याच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे का ते स्वतः शोधा. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. कुणी शेत विकायला लावत असेल तर पोर्टलवरच तक्रारीची सोय आहे, आणि पैसे बँकेतून दिले असतील तरच ती तक्रार उभी राहते.