मतदानाला जाण्याआधी आणि केंद्रात गेल्यावर: काय, कसं करायचं

मतदार ओळखपत्र पाकिटात आहे म्हणजे मत पक्कं, असं समजून दर निवडणुकीत कितीतरी जण केंद्रावर जातात आणि हात हलवत परत येतात. मत देता येतं ते यादीतल्या नावावर. कार्डाने फक्त ओळख पटते.

१. आधी नाव शोधा. निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर किंवा १९५० या हेल्पलाइनवर चौकशी करा. कार्डावरच्या दहा अक्षरी क्रमांकाने (तीन अक्षरं, सात आकडे) शोधणं उत्तम. नावाने शोधताना एखादी वेलांटी चुकली तरी नाव सापडत नाही. यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहून ठेवा, केंद्रावर शोधाशोध वाचते.

२. नाव नसेल तर नमुना ६ भरा. घर बदललं असेल किंवा नाव-पत्ता चुकला असेल तर नमुना ८. घर बदलल्यावर पुन्हा नमुना ६ भरणारे बरेच असतात. त्याने नाव दोन ठिकाणी लागतं, आणि ते बेकायदेशीर आहे. उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की यादीत नाव चढत नाही. मधे बीएलओची (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याची) पडताळणी आणि हरकतींची मुदतही असते, म्हणून निवडणूक जाहीर व्हायची वाट बघू नका.

३. मतदानाच्या दिवशी ओळखपत्र न्या. ते नसेल तर आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना, फोटो असलेलं बँक पासबुक, मनरेगा कार्ड यांपैकी एक चालतं. घरी आलेली मतदार चिठ्ठी ओळखीचा पुरावा नाही. मोबाइल मतदान कक्षात नेता येत नाही.

४. आत पहिला अधिकारी नाव आणि ओळख तपासतो. दुसरा डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावतो, नोंदवहीत सही घेतो आणि चिठ्ठी देतो. तिसरा ती चिठ्ठी घेऊन यंत्र सुरू करतो. आता उमेदवाराच्या नाव-चिन्हासमोरचं निळं बटण दाबा. लाल दिवा लागतो. लगेच मागे वळू नका. शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या (मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या) काचेआड छापील चिठ्ठी सात सेकंद दिसते, नाव-चिन्ह बघा. मग बीप वाजतो. उमेदवार जास्त असतील तर यंत्रं एकापेक्षा अधिक असतात आणि 'नोटा' शेवटच्या यंत्रावर, सगळ्यांत खाली असतो.

५. 'तुमचं मत आधीच पडलंय' असं सांगितलं तर गुपचूप परत फिरू नका. केंद्राध्यक्षाकडे प्रदत्त मत मागा. ओळख पटली की कागदी मतपत्रिका मिळते आणि ती वेगळ्या पाकिटात ठेवली जाते. नेहमीच्या मोजणीत ती धरत नाहीत, पण प्रकरण न्यायालयात गेलं तर तिचा उपयोग होतो. व्हीव्हीपॅटवर भलतंच नाव दिसल्याची तक्रार मात्र विचार करूनच करा: लेखी घोषणा द्यावी लागते, मग चाचणी मत घेतात, आणि तक्रार खोटी ठरली तर कारवाई होते.

६. मतदानाची वेळ संपताना रांगेत असाल तर हलू नका. त्या क्षणी रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येतं. त्यासाठी रांगेतल्यांना चिठ्ठ्या देतात, शेवटच्या माणसापासून सुरुवात करून.

मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी हा कायद्याने दिलेला हक्क आहे, खासगी कंपनीतसुद्धा.

महापालिकेचं गणित थोडं निराळं. मुंबई वगळता बहुतेक शहरांत प्रभाग बहुसदस्यीय असतो. चार जागांचा प्रभाग असेल तर अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी वेगळं बटण दाबायचं. एकच दाबून बाहेर पडलात तर प्रक्रिया अर्धवट राहते आणि मागची रांग खोळंबते. एखाद्या जागेला कुणीच पसंत नसेल तर तिथे 'नोटा' दाबा.