कोच बदलला की लाइनमनचं काय? रिक्रूटिंगमधल्या या चुका टाळा

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये ऑफेन्सिव्ह लाइनचे, म्हणजे चेंडू ताब्यात असलेल्या संघाच्या पुढच्या फळीचे, पाच जण: दोन टॅकल, दोन गार्ड आणि मधला सेंटर, सगळ्यांत सावकाश तयार होतात. हायस्कूल संपताना 265-270 पौंडांचा असलेला मुलगा 305 पर्यंत जाऊन मैदानात टिकायला दोन, बहुधा तीन हंगाम लागतात. कोच तेवढे दिवस थांबतीलच असं नाही. पेन स्टेटने जेम्स फ्रँकलिन यांना 12 ऑक्टोबर 2025 ला काढलं. 3 डिसेंबरला सह्यांचा दिवस (हायस्कूलची मुलं कॉलेजशी करार करतात तो) आला तेव्हा नवा हेड कोच ठरलेला नव्हता, आणि फ्रँकलिन तोवर व्हर्जिनिया टेकला जाऊन जुन्या यादीतली बरीच मुलं तिकडे ओढत होते. लेन किफिन ओल मिस सोडून एलएसयूला निघाले ते 30 नोव्हेंबरला, सह्यांच्या तीन दिवस आधी. पास झेलणारा रिसीव्हर असल्या गोंधळातून चटकन सावरतो, लाइनमन नाही. आणि त्याला महागात पडणाऱ्या चुका बहुतेक सहीच्या आधीच झालेल्या असतात.

हेड कोचकडे बघून निर्णय घेणं

घरी येऊन आईवडिलांना भेटतो तो हेड कोच. मुलाची रोज गाठ पडते ती लाइन कोचशी, आणि कोणत्या घडणीचा लाइनमन हवा हे ठरवतो ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमणाची आखणी करणारा कोच. तिघांपैकी कोण गेल्यावर काय कोसळतं, हे वॉशिंग्टनच्या उदाहरणात स्वच्छ दिसतं. 2023 च्या हंगामात देशातल्या सर्वोत्तम लाइनला मिळणारा जो मूर पुरस्कार वॉशिंग्टनने जिंकला. 8 जानेवारी 2024 ला ते मिशिगनविरुद्ध अंतिम सामना हरले आणि चारच दिवसांत हेड कोच केलन डीबोर अलाबामाला गेले. सेंटर पार्कर ब्रेल्सफर्ड त्यांच्यामागोमाग गेला. टॅकल ट्रॉय फौटानू आणि रॉजर रोझेनगार्टन एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये गेले. कोऑर्डिनेटर रायन ग्रब आणि लाइन कोच स्कॉट हफ पुढच्या काही आठवड्यांत एनएफएलच्या सिॲटल सीहॉक्समध्ये होते. पुढचा हंगाम 6-7, म्हणजे सहा विजय, सात पराभव. ज्या लाइनकडे बघून एखाद्याने सही केली असती, तिच्यातलं जवळपास काहीच उरलं नाही.

उलटही घडतं. डिसेंबर 2019 मध्ये सॅम पिटमन जॉर्जियाचे लाइन कोच असताना आर्कान्सॉचे हेड कोच झाले. लाइनमन ब्रॉडरिक जोन्स तरीही जॉर्जियालाच गेला, पुढे डावा टॅकल झाला आणि 2023 च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) पहिल्या फेरीत निवडला गेला. तिथे लाइन कोच गेला, पण हेड कोच जागेवर होता.

म्हणून भेटीत तीन गोष्टी विचारा. लाइन कोच आणि कोऑर्डिनेटर याआधी किती हंगाम एकत्र होते? लाइन कोचच्या करारात किती वर्षं उरलीत? आणि मुलाची फिल्म (सामन्यांचे व्हिडिओ) बघून ‘हा हवा’ असं नेमकं कोण म्हणालं? तिसऱ्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर ऑफर कॉलेजची आहे, त्या खोलीतल्या कोणाचीच नाही असं समजा.

स्कीम (खेळायची पद्धत) न बघता ‘कॉलेज मोठं आहे’ म्हणणं

सर्वांत जास्त मुलं इथे अडकतात. आउटसाइड झोन (चेंडू घेऊन कडेने पळायची पद्धत) खेळणाऱ्या संघाला आडवं पळणारा, पहिलं पाऊल बाजूला टाकून प्रतिस्पर्ध्याच्या बाहेरच्या खांद्यापर्यंत पोहोचणारा लाइनमन लागतो. तिथे 290 पौंडांचा चपळ सेंटर चालून जातो. गॅप किंवा पॉवर खेळात माणूस जागेवरून हलवायचा असतो आणि गार्डला लाइनमागून पळत दुसऱ्या बाजूला जाऊन भिडायचं असतं, त्यामुळे 315-330 पौंडांना मागणी. पासवर भर देणाऱ्या एअर रेडमध्ये लाइनमन एकमेकांपासून लांब उभे राहतात आणि बहुतेक वेळ मागे सरकत पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवतात, म्हणून लांब हात आणि हलके पाय. ट्रिपल ऑप्शनचा, म्हणजे जवळपास पूर्ण रनवर चालणाऱ्या खेळाचा, लाइनमन या सगळ्यांहून हलका, खाली वाकून झेपावणारा.

जॉर्जिया टेकमध्ये पॉल जॉन्सन 2008 ते 2018 ऑप्शन खेळवत होते. त्यांच्यानंतर आलेल्या जेफ कॉलिन्स यांना पास खेळायचा होता, पण हाताशी लाइन होती ऑप्शनसाठी घडवलेली. 2019 चा निकाल 3-9. विस्कॉन्सिन म्हणजे दणकट, रन खेळणाऱ्या लाइनचं माहेरघर. ल्यूक फिकेल यांनी 2023 साठी फिल लाँगो यांना आणून तिथे एअर रेड रुजवायचा प्रयत्न केला आणि नोव्हेंबर 2024 मध्ये लाँगोंनाच काढलं. या दोन वर्षांत भरती झालेल्या मुलाला एका पद्धतीसाठी निवडलं गेलं आणि नंतर दुसरीच शिकावी लागली.

पडताळणी घरबसल्या होते. नवा कोऑर्डिनेटर आधी जिथे होता, त्या संघाचे दोन पूर्ण सामने काढा. पहिल्या हाफमधले 20 रन प्ले (चेंडू घेऊन पळण्याच्या चाली) थांबवून थांबवून बघा. चेंडू कुठे गेला ते बघूच नका, फक्त गार्डवर नजर ठेवा. पाचही जण एकाच दिशेला सरकले तर झोन, एखादा गार्ड मागून वळून गेला तर गॅप, आणि प्रत्येक प्लेपुढे कागदावर एक खूण. मग पास प्लेमध्ये टॅकल हात जमिनीला टेकवून उभा आहे की दोन्ही पायांवर, आणि पहिल्या दोन पावलांत किती मागे जातो, तेही टिपा. तासाभरात जे कळतं, ते अख्ख्या कॅम्पस टूरमध्ये कोणी सांगत नाही. आकडा 14-6 कडे झुकला तर संघाचा कल स्पष्ट आहे. 10-10 असेल तर मुलाला दोन्ही यावं लागेल.

डिसेंबरचा डेप्थ चार्ट (कोण पहिला, कोण राखीव याची यादी) खरा मानणं

साधारण 15 ते 18 लाइनमन एका संघात असतात. खेळाडूंना पैसे देण्याबाबतच्या हाउस खटल्याच्या तडजोडीनंतर, 2025 पासून, त्यात सामील झालेल्या कॉलेजांना पूर्ण संघासाठी 105 जणांची मर्यादा आहे, त्यामुळे जागा ताणून वाढवता येत नाहीत. पालक रोस्टर (संघाची यादी) उघडून मोजतात, ‘दोन टॅकल सीनियर (शेवटच्या वर्षाचे) आहेत, म्हणजे पुढच्या वर्षी जागा रिकामी’ म्हणतात आणि खूश होतात. पण सही डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी, आणि 2026 पासून पोर्टलची, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीची, मुख्य मुदत 2 ते 16 जानेवारी. रिकामी दिसणारी जागा सहीनंतर महिनाभरात 22 वर्षांचा तयार टॅकल भरतो. नवीन हेड कोच तर जुन्या कॉलेजातली दोन-तीन माणसं हमखास बरोबर आणतो. टॅकल केडिन प्रॉक्टर जानेवारी 2024 मध्ये अलाबामाहून आयोवाला गेला आणि काही आठवड्यांत परत अलाबामाला आला. त्या दोन वेळा दोन्हीकडचा हिशेब उलटापालटा झाला.

रोस्टरवर नाव, वर्ष आणि पोझिशन असा तक्ता करा, आणि लाइन कोचला सरळ विचारा: ‘या जानेवारीत पोर्टलमधून किती टॅकल, किती इंटिरियर (गार्ड-सेंटर) घेणार?’ आकडा न देता ‘बेस्ट प्लेयर विल प्ले’ ऐकू आलं तर दोन तरी येणार असं धरून चाला.

तोंडी ऑफरवर विसंबणं

आपल्याकडे कॅप राउंडमध्ये नाव लागल्यावर जागा पक्की धरतात, तसं इथे काही नाही. लेखी ऑफर हायस्कूलच्या सीनियर वर्षाच्या 1 ऑगस्टपासूनच देता येते. त्याआधीचं सगळं तोंडी आणि कोच गेला की हवेत. नॅशनल लेटर ऑफ इंटेंट हे सहीचं जुनं पत्र ऑक्टोबर 2024 मध्ये रद्द झालं, आता सही होते ती आर्थिक मदतीच्या करारावर, आणि मोठ्या कॉलेजांत महसूल वाट्याच्या वेगळ्या करारावरही. त्यात मुदत एक वर्षाची की जास्त, दुखापतीत काय होतं, मुलगा सोडून गेला तर पैसे परत मागतात का, हे वकिलाकडून वाचून घ्या. कोच बदलला तर काय, याबद्दल करारात ओळ नसेल तर ती नाहीच असं समजा.

घरात एच-4 व्हिसा (एच-1बी धारकाच्या कुटुंबीयांचा) असेल तर ही बाब आणखी नाजूक आहे. मुलाला एच-4 वर काम करून पैसे घेता येत नाहीत आणि 21 व्या वर्षी तो संपतो. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावरही एनआयएलचे, म्हणजे खेळाडूचं नाव-चेहरा वापरण्याचे, बहुतेक करार अडचणीचे. इमिग्रेशन वकील आधी, कोच नंतर. काही वर्षं भारतात शिकला असेल तर खेळाडूंची पात्रता तपासणाऱ्या एलिजिबिलिटी सेंटरला तिकडच्या गुणपत्रिका लवकर पाठवा. 16 कोर विषय आणि 2.3 सरासरी ही डिव्हिजन वनची (सर्वांत वरच्या गटाची) अट आहे.

फक्त वजन वाढवणं

कोचबरोबर व्यायामाचा कोचही बदलतो. एकाला 315 हवे असतात, दुसरा येऊन 295 म्हणतो. आठवड्याला पौंडभर वाढ पुरेशी. त्याहून वेगाने गेलं तर पावलं जड होतात आणि गुडघे बोलायला लागतात. वजनापेक्षा टिकाऊ गोष्ट म्हणजे दोन पोझिशन येणं. हात 33 इंचांपेक्षा आखूड असलेल्या टॅकलला कोणता ना कोणता स्टाफ आत गार्डला हलवतोच. म्हणून शॉटगन स्नॅप (सेंटरने मागे उभ्या क्वार्टरबॅककडे चेंडू टाकणं) आत्तापासून शिकवा: साधारण पाच यार्ड मागे, क्वार्टरबॅकच्या पोटाच्या उंचीवर, रोज 50. स्नॅप करणाऱ्या मुलाला नवा लाइन कोच चटकन काढत नाही.

कोच गेल्याची बातमी आल्यावर घाई करणं

पहिल्या दिवशी सोशल मीडियावर काही टाकू नका. लाइन कोच राहतोय का, हे त्यालाच फोन करून विचारा. त्याला बहुधा माहीत नसतं, पण तो काय म्हणतो ते टिपून ठेवा. सही झालेली नसेल तर हेड कोच बदलल्यावर त्याच कॉलेजला दुसरी ऑफिशियल व्हिजिट (कॉलेजच्या खर्चाने भेट) घेता येते. ती घ्या, आणि या वेळी स्टार्टर मुलांऐवजी दुसऱ्या वर्षाच्या, अजून बसून असलेल्या लाइनमनबरोबर जेवा. सही झाली असेल पण मुलगा दाखल झाला नसेल तर करारातून मोकळीक लेखी मागावी लागते. जानेवारीत दाखल झाला की तो विद्यार्थी, मग पोर्टलचे नियम लागू: हेड कोच बदलल्यास नवीन जाहीर झाल्यावर पाच दिवसांनी 15 दिवसांची मुदत सुरू होते. पोर्टलमध्ये नाव टाकलं की कॉलेजला पुढच्या सत्राची मदत थांबवता येते, म्हणून त्या पाच दिवसांत नव्या लाइन कोचची जुनी फिल्म बघून घ्या, 20 रन प्ले, गार्डवर नजर, आणि मगच अर्ज भरा.