सोलरच्या गरम पाण्याच्या पाइपला आवरण कसं चढवावं

सोलरच्या टाकीला आतून पफचं (पॉलीयुरेथेन फोमचं) जाड आवरण असतं, त्यामुळे दुपारी तापलेलं पाणी सकाळपर्यंत बऱ्यापैकी टिकतं. उष्णता जाते ती गच्चीवरून बाथरूमपर्यंत उघड्या आलेल्या पाइपातून. पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणाऱ्या प्लास्टिकच्या) पाइपात मीटरला साधारण पाव लिटर पाणी असतं. २० मीटरच्या पाइपात झालं ५ लिटर. तेवढंच पाणी गिझरमध्ये ३० अंशांनी तापवायला पाव युनिटच्या आत वीज लागते, पण ती रोजची आणि प्रत्येक आंघोळीमागे.

आधीच सांगून ठेवतो, सकाळी तोटी सोडल्यावर येणारं पहिलं गार पाणी आवरणाने वाचत नाही. पाइपातलं एवढंसं पाणी रात्रभर ऊब धरूच शकत नाही. फायदा दिसतो तो एकाची आंघोळ उरकून दुसरा आत जाईपर्यंतच्या वेळात.

हार्डवेअरच्या दुकानात पाइपावर चढवायची काळी नायट्राइल रबराची नळी मागा. पांढऱ्या फोमची स्वस्त पडते, पण गच्चीवर ती लवकर भुगा होते. पाइपाचा बाहेरचा व्यास मोजून न्या: दोरा गुंडाळा आणि त्याच्या लांबीला ३.१४ ने भागा. पाऊण इंची सीपीव्हीसीचा बाहेरचा व्यास सुमारे २२ मिमी भरतो. नळीची जाडी शक्यतो १३ मिमी किंवा १९ मिमी घ्या; ९ मिमीत पैसे वाचतात, पण उष्णता थोडी कमी वाचते.

काम सकाळी लवकर, पाइप गार आणि कोरडा असताना करा. कुठे ठिबकत असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या. आवरणाखालची गळती महिनोन्‌महिने कळत नाही. नळीला कटरने उभी चीर द्या, पाइपावर चढवा, दोन्ही कडांना रबराचं सोल्यूशन लावून ते जरा चिकट होईपर्यंत थांबा आणि मग दाबा. आडव्या पाइपावर चीर खालच्या बाजूला ठेवा, नाहीतर पावसाचं पाणी आत मुरतं. एल्बोपाशी, म्हणजे पाइपाच्या काटकोनी वळणावर, दोन तुकडे ४५ अंशांत कापून जोडा. क्लॅम्प काढून आवरणावरून मोठा क्लॅम्प बसवा. क्लॅम्पपाशी आवरण तोडून मोकळी जागा सोडायची खोड बऱ्याच प्लंबरना असते, आणि उष्णता नेमकी तिथूनच जाते. टाकीजवळचा गार पाण्याचा पहिला मीटरभर पाइपही झाका.

उन्हाने काळं रबर तडकतं आणि कावळे ते टोचून काढतात. म्हणून गच्चीवरच्या भागावर ॲल्युमिनियमची टेप गुंडाळा; बजेट असेल तर पत्र्याचं कवच उत्तम. व्हॉल्व्हची मूठ बाहेर राहू द्या. टाकीवरचा हवेचा उभा पाइप मात्र वरून कधीही बुजवू नका, त्यातूनच वाफ आणि दाब बाहेर पडतो.

नळी उरली तर ती गिझरभोवती गुंडाळायचा मोह होईल. ते नको. गिझरच्या आत आवरण असतंच, आणि बाहेरून झाकल्यास वायर व सेफ्टी व्हॉल्व्ह दडपले जातात.