एक्झॉस्ट फॅनला रेग्युलेटर लावताय?

मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की नागपुरातल्या महाल भागातल्या माझ्या दुकानात एक तक्रार हमखास येते: कूलर चालू आहे, तरी घर चिकट. अहो, कूलरनं आत ढकललेली ओली हवा बाहेर जायला वाट नको का बाप्पा? स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट ती वाट करून देतो. पण तो दुपारभर फुलवर घोंघावला तर झोपेल कोण? म्हणून रेग्युलेटर.

बल्बचा डिमर आणू नका, त्यावर मोटर गुणगुणते आणि तापते. पंख्याचा, कंडेन्सरवाला स्टेप रेग्युलेटर घ्या. तो किती वॉटपर्यंत चालतो ते छापलेलं असतं, फॅनच्या पाटीशी ताडून पाहा. फॅन बीएलडीसी (इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणाऱ्या मोटरचा) असेल तर मात्र रेग्युलेटर लावायचाच नाही. त्याचं वेग सांभाळणारं सर्किट आतच असतं.

जोडणी फार नाही. त्या लाइनचा एमसीबी, म्हणजे मेन बोर्डावरचा सुरक्षा स्विच, पाडा. टेस्टर आधी दुसऱ्या, चालू पॉइंटवर लावून तो धड आहे ना बघा, मग बोर्डात लावा. स्विचमधून फॅनकडे जाणाऱ्या फेजच्या वायरीत रेग्युलेटर घाला. न्यूट्रल आणि अर्थ जसेच्या तसे. मोटरचा स्वतःचा कंडेन्सरही हलवू नका. वेग उतरवायला काहीजण तिथे लहान कंडेन्सर टाकतात, तो उद्योग वाइंडिंगच्या मुळावर येतो.

खरी गंमत पुढे आहे. व्होल्टेज उतरलं की मोटरचा जोर त्याच्या वर्गानं पडतो: 230 चे 160 झाले की जोर निम्म्याहून कमी. छताचा पंखा तेवढ्यावर निवांत फिरतो. एक्झॉस्टच्या पात्यांवर फोडणीचं तेल आणि धुळीचा थर, बुशात, म्हणजे मोटरचा दांडा फिरतो त्या कडीत, चिकटा. खालच्या स्टेपवर तो नुसता हुं हुं करतो, आणि न फिरणारी मोटर तापून जळते. म्हणून आधी पाती, जाळी धुवून घ्या. मग फॅन पूर्ण थांबू द्या आणि सर्वांत खालच्या स्टेपवर चालू करा. चार-पाच सेकंदांत फिरायला लागला नाही तर लगेच बंद करा. ती स्टेप तुमच्यासाठी नाहीच. रोज फुलवर सुरू करून मग उतरवायचं. अर्ध्या तासानं बंद करून मोटरला उलटा हात लावा. हात ठेववत नसेल तर एक स्टेप वर.

बाथरूमच्या छोट्या, बिनकंडेन्सरच्या फॅनवर पैसे घालवू नका. त्याला मुळातच जोर नसतो.

सावजी रस्सा शिजत असेल किंवा ठेच्याच्या मिरच्या भाजत असाल तेव्हा फुलच ठेवा, नाहीतर ठसका हॉलपर्यंत. दुपारी हळू चालवताना एक्झॉस्टजवळची खिडकी लावून घ्या आणि कूलरपासून स्वयंपाकघरापर्यंतची दारं उघडी ठेवा. खिडकी उघडी राहिली तर फॅन तिथलीच गरम हवा ओढत बसतो.