परदेशात इंग्रजी शिकवायचंय? कोर्सचे पैसे भरण्याआधी या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात चिपळूणच्या एक शिक्षिका आमच्या पडवीत येऊन बसल्या. पिशवीत १२० तासांच्या ऑनलाइन टेफल (परभाषकांना इंग्रजी शिकवण्याच्या) कोर्सचं सर्टिफिकेट, डोक्यात कोरिया. पैसे भरून झाले होते, व्हिसाचा नियम वाचायचा राहिला होता. सगळ्यात महागात पडते ती हीच चूक.

दक्षिण कोरियाचा ई-२, म्हणजे भाषा शिकवणाऱ्यांचा व्हिसा, मुळात सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. उच्चारांची पाळी नंतर येते, आधी पासपोर्ट बघतात. २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया करारामुळे आपल्याला एक दार किलकिलं आहे, पण ते शाळेतल्या सहायक इंग्रजी शिक्षकाचं, आणि त्यासाठी पदवीबरोबर अध्यापनाची पात्रता लागते. खासगी क्लासवाला 'या, बघू' म्हणाला तरी भुलू नका. बाईंकडे बी.एड. होतं! अर्जात मात्र टेफल वर आणि बी.एड. पार शेवटी.

जपान इंग्रजीतून बारा वर्षं शिक्षण झाल्याचा पुरावा मागतो. मराठी शाळेत शिकलेले आपण बहुतेक तिथेच गळतो. त्यापेक्षा आखातातल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा बघा. तिथे बी.एड.ला किंमत आहे, आणि आपल्याकडे गावागावात कुणाचा तरी मामा तिकडे असतोच.

आता कागद. मार्कलिस्टवर आडनाव आधी, शेवटी आईचं नाव. पासपोर्टवर क्रम निराळा. पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या. माझ्या वेळी वडिलांच्या 'लक्ष्मण'मध्ये एका कागदावर 'एक्स' होता, दुसऱ्यावर 'के-एस-एच'. तेवढ्यावर मस्कतचं काम दोन महिने लटकलं. चूक माझीच, अर्ज करण्याआधी कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिलेच नव्हते. नावं जुळवा, मगच साक्षांकनाला द्या. आधी राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालय. ओमान हेग करारात आहे, तिथे अपोस्टिल, म्हणजे त्या कराराखालचा परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, पुरतं; यूएईसाठी वर दूतावासाचा शिक्काही लागतो.

एजंटाची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. ३०,००० रुपये अधिक जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क त्याला घेता येत नाही. 'टूरिस्ट व्हिसावर जा, तिथे बदलून देतो' म्हणाला की चहा संपवून उठा.

राहिला डेमो, म्हणजे मुलाखतीतला ऑनलाइन नमुना तास. वीस मिनिटांतली पंधरा आपणच बोलतो, तीही काळाचे प्रकार समजावण्यात. उसनी अमेरिकन ढब आणू नका, पाचव्या मिनिटाला सुटते. एक चित्र दाखवा, एक प्रश्न विचारा आणि गप्प बसा, समोरचा बोलेल. जुलैत डेमो असेल तर फोन आदल्या रात्रीच पूर्ण चार्ज करून ठेवा आणि रेंज कुठल्या खिडकीत येते ते बघून घ्या. वारा सुटला की आमच्याकडे पहिली जाते ती वीज.