क्रोनोग्राफ घड्याळ दिवसाला चार मिनिटं पुढे? आधी चुंबकत्व तपासा

माझ्या व्हॅल्जू ७७५० या यांत्रिक मशीनच्या घड्याळाने जूनमध्ये अचानक दिवसाला चार मिनिटं पुढे पळायला सुरुवात केली. क्रोनोग्राफ, म्हणजे घड्याळातलं स्टॉपवॉच, बंद असो की चालू, फरक नाही. पूर्ण चावी देऊन पाहिली, रात्री उताणं-पालथं ठेवून पाहिलं. एका घड्याळजींनी न उघडताच पूर्ण सर्व्हिसिंग सांगितलं. महिनाभर नुसता वैताग.

शेवटी मुलाच्या कंपासपेटीतलं होकायंत्र काढलं. घड्याळ जवळ नेऊन फिरवलं की सुई त्याच्या मागे मागे. (मोबाइलवरचं होकायंत्र यासाठी नको.) हेअरस्प्रिंगला (घड्याळाची चाल ठरवणाऱ्या बारीक वेटोळ्या स्प्रिंगला) चुंबकत्व आलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि घड्याळ पळतं. संशय मोबाइलच्या चुंबकवाल्या कव्हरवर. रोज रात्री घड्याळ त्यावरच असायचं!

पुण्याच्या तपकीर गल्लीत चौकशी करून बटणवालं डीमॅग्नेटायझर, म्हणजे चुंबकत्व घालवणारी डबी, आणलं. क्रोनोग्राफ थांबवून काटा शून्यावर आणला, स्टीलचा पट्टा काढला. घड्याळ डबीवर टेकवलं, बटण दाबलं, आणि दाबलेलंच ठेवून घड्याळ सावकाश सरळ वर उचलत हातभर लांब नेलं. मगच बटण सोडलं. पहिल्या वेळी मी घड्याळ डबीवर असतानाच बटण सोडलं होतं, तेव्हा सुई आणखीच जोरात वळली. डबी तापते, म्हणून दर वेळी पाचेक सेकंदच. घड्याळ काटकोनात फिरवून पुन्हा एकदा. पट्ट्यालाही तेच.

सुई आता ढिम्म. दुसऱ्या दिवशी फरक फक्त आठ सेकंदांचा.